निद्रा आणि प्रतिभा



शाबुओथ आता चार दिवसांवर आला आहे. त्या रात्री जागरण करून तोरा वाचण्याची प्रथा आपल्यापैकी बरीच मंडळी पाळतील, आणि नेमक्या त्याच सणाच्या तोंडावर मला निद्रेविषयी बोलावयास सांगितले आहे. योजकांनी हा विनोद जाणूनबुजून केला की अजाणता, हे मी विचारलेले नाही. मिद्राशात अशी कथा आहे की, सिनाय पर्वतापाशी तोरा मिळावयाची होती त्या सकाळी आपले पूर्वज गाढ झोपून राहिले आणि मोशेला त्यांना जागे करावे लागले. त्या चुकीची भरपाई म्हणून आपण शाबुओथच्या रात्री जागतो. परिचारिकेच्या दृष्टीने पाहिले तर त्या लोकांना मी फारसा दोष देणार नाही. मिसरातून निघून सात आठवडे ती माणसे वाळवंट तुडवीत होती.

हा विषय मी निवडलेला नाही. तो आपल्यातील एका तरुण मुलीने माझ्यापुढे आणला. ती दुबईत एका कार्यालयात आरेखनाचे काम करते. गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी किद्दुश झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, पूर्वी मला सुचत असे, आता सुचत नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पडद्यापुढे बसते, तरी सकाळी पाहिले तर जुनेच काहीतरी फिरवून काढलेले असते." तिला माझ्याकडून एखादे शक्तिवर्धक औषध हवे होते. मी तिला निजण्याची वेळ विचारली, उठण्याची वेळ विचारली आणि मधल्या तासांची बोटांवर मोजणी केली. ते चार भरले. तिला त्या दिवशी मी जे तुटकपणे सांगितले, तेच आज सविस्तर सांगत आहे. आणि एक गोष्ट, जी तिला सांगितली नाही, तीही सांगणार आहे.

आपल्या मराठीत 'सुचणे' हे क्रियापद मोठे बोलके आहे. आपण 'मी लिहिले', 'मी चालले' असे म्हणतो. पण 'मी सुचले' असे कोणी म्हणत नाही, 'मला सुचले' असेच म्हणतात. 'मला झोप लागली', 'मला आठवले', 'मला भूक लागली' ही सारी त्याच घराण्यातील वाक्ये आहेत. या गोष्टी आपण करीत नाही, त्या आपल्याकडे येतात. अंथरूण घालणे आपल्या हाती आहे, दिवा मालवणे आपल्या हाती आहे. झोप लागणे आपल्या हाती नाही. सुचण्याचेही तसेच आहे. ज्याने ही भाषा प्रथम बोलली त्याला ही दोन घरे एकमेकांना लागून आहेत हे ठाऊक असावे, असे मला वाटते. शास्त्रज्ञांना ते सिद्ध करावयास पुष्कळ उशीर लागला.

झोप म्हणजे मेंदूचा दिवा मालवणे, असे फार काळ समजले जात होते. शिकागो विद्यापीठात नथॅनियल क्लाइटमन नावाचे प्राध्यापक होते. किशिनेव्हच्या ज्यू कुटुंबात १८९५ साली जन्मलेले हे गृहस्थ निद्रेच्या अभ्यासासाठी एकदा महिनाभर अमेरिकेतील एका खोल गुहेत जाऊन राहिले होते. त्यांचे विद्यार्थी युजीन असेरिन्स्की यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपाशी तारा लावून रात्रभर यंत्र चालू ठेवले, तेव्हा मुलगा गाढ झोपेत असता यंत्राच्या लेखण्या एकाएकी जोराने हलू लागल्या. बंद पापण्यांआड डोळे भराभर फिरत होते आणि मेंदू जागेपणीसारखा काम करीत होता. १९५३ साली या गुरुशिष्यांनी ते प्रसिद्ध केले. आपण ज्याला स्वप्नांची झोप म्हणू ती हीच. मला हे पुस्तकातून कळण्याच्या आधी वॉर्डात दिसले होते. पहाटे तीन-चारच्या फेरीला हातात टॉर्च घेऊन खाटांमधून जाताना कित्येक रुग्णांच्या पापण्यांखाली डोळे हलताना दिसत. प्रथम प्रथम मी घाबरून नाडी पाहत असे.

रात्रीची झोप सुमारे नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांनी जाते, आणि पूर्ण रात्रीत अशा चार-पाच फेऱ्या होतात. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप अधिक असते. तीत शरीराची डागडुजी होते आणि दिवसभरात जमलेल्या गोष्टी मेंदू पुन्हा आपल्याशी घोकतो. हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात तात्पुरत्या ठेवलेल्या आठवणी तेथून मेंदूच्या बाहेरच्या विस्तीर्ण थरांत मुरत जातात. पहाटेच्या फेऱ्यांत स्वप्नांची झोप वाढते. त्या वेळी सावधपणाचे जे रसायन आहे, नॉरअॅड्रेनलिन, त्याचा पुरवठा मेंदूत जवळजवळ थांबतो. पहारेकरी निजतो म्हणा ना. मग एरवी एकमेकांच्या दारात न जाणाऱ्या आठवणी एकमेकांच्या घरात शिरतात. आजीच्या वाड्यात इस्पितळाची लिफ्ट येते, शाळेतल्या बाई विमानतळावर भेटतात. त्यांतले बहुतेक निरर्थक असते. पण नवी कल्पना म्हणजे तरी काय? दूरच्या दोन गोष्टींची सोयरीकच ना?

आता त्या मुलीचा हिशेब पाहा. दोनला निजून सहाला गजर लावणारा माणूस आठातले चार तास गमावतो, म्हणजे निम्मी झोप गमावतो, असे वाटते. प्रत्यक्षात तो पहाटेच्या फेऱ्या कापून टाकतो, आणि स्वप्नांच्या झोपेचा फार मोठा वाटा त्यांतच असतो. ज्याला सुचण्यावर पोट भरावयाचे आहे त्याने नेमका तोच भाग कापावा, हे मला फार दुःखाचे वाटते.

याला पुरावा काय, असे येथील तरुण मंडळी विचारतील. जर्मनीत ल्यूबेक येथे काही संशोधकांनी केलेला प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. माणसांना आकड्यांच्या रांगा देऊन ठरावीक नियमांनी उत्तर काढावयास लावले. काम कंटाळवाणे होते, पण त्यात एक चोरवाट दडलेली होती. ती ज्याला दिसेल त्याला उत्तर चटकन मिळे. ती आहे हे कोणालाही सांगितले नव्हते. थोडा सराव करवून मग आठ तासांचे अंतर ठेवले. काहींना त्या वेळात रात्रीची झोप मिळाली, काहींना रात्रभर जागे ठेवले, काहींचे ते आठ तास दिवसाच्या जागेपणी गेले. नंतर पुन्हा तेच काम दिले. झोपून उठलेल्यांपैकी शेकडा ५९ जणांना चोरवाट सापडली. जागे राहिलेल्या दोन्ही गटांत शेकडा २३ जणांना. दिवसा जागलेले थकलेले नव्हते, तरी त्यांनाही ती सापडली नाही. म्हणजे केवळ थकवा नसणे पुरेसे नाही. झोपेत काहीतरी घडावे लागते.

दुसरा प्रयोग पॅरिसचा, २०२१ चा, आणि तो मला अधिक गमतीचा वाटतो. एडिसन खुर्चीत डुलकी घेताना हातात धातूचे गोळे धरीत असे. डोळा लागताच ते पडून आवाज होई आणि तो जागा होऊन मनात आलेले टिपून घेई, अशी आख्यायिका आहे. पॅरिसच्या संशोधकांनी लोकांच्या हातात पेला देऊन वीस मिनिटे अंधारात आरामात बसविले. ज्यांना झोपेच्या अगदी उंबरठ्यावरचे किमान पंधरा सेकंद मिळाले त्यांच्यापैकी शेकडा ८३ जणांनी आकड्यांतली चोरवाट शोधली. जे जागेच राहिले त्यांच्यापैकी शेकडा ३० जणांनी. जे उंबरठा ओलांडून खोल झोपेत गेले त्यांचा तो लाभ मात्र नाहीसा झाला. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी आरामखुर्चीत वर्तमानपत्र छातीवर ठेवून डुलत, त्यांना आपण हसत होतो.

पण येथे एक गैरसमज होऊ नये. झोप कोऱ्या मनाला काही देत नाही. ओटो लोवी या शास्त्रज्ञाची गोष्ट आम्हा परिचारिकांना औषधशास्त्र शिकताना सांगितली जाई, आणि ते ज्यू होते हे कळल्यावर ती माझ्या विशेष लक्षात राहिली. मज्जातंतूंचा निरोप हृदयाला विजेने पोहोचतो की रसायनाने, हा त्या काळचा वाद होता. लोवींच्या मनात रसायनाची कल्पना १९०३ सालीच येऊन गेली होती. ती सिद्ध कशी करावी ते मात्र कळत नव्हते. सतरा वर्षांनी एका रात्री स्वप्नात प्रयोगाची रीत दिसली. त्यांनी उठून चिठोऱ्यावर लिहिली आणि पुन्हा निजले. सकाळी स्वतःचे अक्षर स्वतःलाच लागेना! तो दिवस त्यांनी कसा काढला असेल याची कल्पना करा. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तेच स्वप्न पुन्हा आले. या खेपेस त्यांनी चिठोऱ्यावर विसंबून न राहता सरळ प्रयोगशाळा गाठली. दोन बेडकांची हृदये घेतली, एकाचा व्हेगस तंतू उत्तेजित केला, ते मंदावले. त्याच्या भोवतीचे द्रव दुसऱ्या हृदयावर सोडले, तेही मंदावले. निरोप रसायनानेच जात होता. त्यासाठी १९३६ चे नोबेल पारितोषिक त्यांना हेन्री डेल यांच्यासमवेत मिळाले. दोनच वर्षांनी नात्सींनी ऑस्ट्रिया गिळला, लोवींना तुरुंगात टाकले, आणि पारितोषिकाचे पैसे स्वाधीन केल्यावरच त्यांना देश सोडू दिला.

त्या एका रात्रीच्या मागे सतरा वर्षांचे काम होते, हे विसरू नये. आपण दही लावतो तेव्हा दूध तापवावे लागते, कोमट करावे लागते, विरजण घालावे लागते. ते सारे केल्यावर भांडे झाकून बाजूला ठेवावे लागते. दर अर्ध्या तासाने चमचा घालून पाहणाऱ्याचे दही लागत नाही. आणि दूधच न घालता भांडे झाकून ठेवणाऱ्याचेही लागत नाही.

आता आपल्या घरच्या वैद्याकडे येते. अबु धाबीत २०२३ साली अब्राहमिक फॅमिली हाउसमध्ये जे सिनेगॉग उघडले त्याला मोशे बेन मैमोन यांचे नाव आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिले आहे. तेथे जाणाऱ्या माणसाला रंबाम म्हणजे धर्मशास्त्रकार एवढेच आठवते. ते वैद्य होते, कैरोच्या दरबाराचे वैद्य होते, हे मी माझ्या व्यवसायाच्या अभिमानाने पुन्हा सांगते. आपल्या धर्मसंहितेत, स्वभाव आणि आचरण यांविषयीच्या भागात, त्यांनी आरोग्यालाही एक अध्याय दिला आहे. दिवसरात्रीचे चोवीस तास, त्यांचा तिसरा हिस्सा म्हणजे आठ तास झोप पुरे, असे ते सांगतात. ते आठ तास असे बसवावेत की सूर्य उगवण्यापूर्वी माणूस उठलेला असेल. उताणे किंवा पालथे निजू नये, कुशीवर निजावे. जेवणानंतर तीन-चार तास गेल्याशिवाय निजू नये. आठशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आहे. आम्ही रुग्णांना घरी सोडताना जो कागद देत असू त्यात जवळजवळ हेच असे.

दिवसा झोपू नये, असेही ते म्हणतात. येथे मात्र त्यांचा मान राखून मी थोडी वेगळी वाट धरते. आखाती प्रदेशात दुपारच्या विश्रांतीची चाल जुनी आहे. वातानुकूलन येण्यापूर्वी येथील लोक उन्हाळ्यात खजुरीच्या झावळ्यांच्या घरांत राहत, रात्री गच्चीवर निजत, आणि दुबईच्या जुन्या वस्तीतले वाऱ्याचे मनोरे आजही त्याची साक्ष देतात. आज सरकारनेच १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास मनाई केली आहे, आणि २००५ पासून हा नियम चालू आहे. हा नियम उष्माघातासाठी आहे, प्रतिभेसाठी नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही या हवेत दुपारी वीस-पंचवीस मिनिटे डोळे मिटण्यास माझी हरकत नाही. तासभर मात्र नको. गाढ झोपेतून अर्धवट उठलेला माणूस पुढचा अर्धा तास कोणाच्या कामाचा नसतो, आणि रात्रीच्या झोपेचेही खोबरे होते.

रंबाम स्वतः हे सारे पाळीत होते काय? नव्हते. ११९९ साली शमुएल इब्न तिब्बोन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली दिनचर्या दिली आहे. रोज सकाळी घरून कैरोला दरबारी जायचे, दुपारी भुकेने व्याकूळ होऊन परतायचे, तर घरचे दालन रुग्णांनी भरलेले. चोवीस तासांत एकच जेवण, आणि रात्री इतका शीण की आडवे पडूनच रुग्णांशी बोलायचे. हे पत्र मी प्रथम वाचले तेव्हा मला रडू आले. कारण ते मला परके वाटले नाही.

आता ती दुसरी गोष्ट सांगते.

आखातातील एका इस्पितळात मी बरीच वर्षे रात्रपाळी केली. त्यांत एक काळ असा होता की बारा-बारा तासांच्या सलग रात्री, आणि दिवसा घरी मुले लहान, शेजारी इमारतीचे काम चाललेले, खिडकीच्या पडद्यातून ऊन आत. दिवसाची झोप तीन तासांची. अशा चौथ्या रात्री, पहाटे साडेचारला, एका रुग्णाच्या शिरेतील नळी धुण्यासाठी मी सलाइनची कुपी म्हणून जी उचलली ती पोटॅशियम क्लोराइडची होती. तीव्र पोटॅशियम एकदम शिरेत गेले तर हृदय थांबते. हे परिचारिकेला शिकविण्याच्या पहिल्या गोष्टींपैकी आहे आणि मी ते इतर मुलींना शिकवीत होते. मी कुपीवरचे नाव वाचले होते. डोळ्यांनी वाचले होते. केरळची एक तरुण सिस्टर शेजारी उभी होती, तिने माझे मनगट धरले. रुग्णाला काही झाले नाही. तो आठवड्याने चालत घरी गेला. पण अशा प्रसंगांची नोंद करावयाची जी वही असते तीत मी तो प्रसंग लिहिला नाही, आणि त्या मुलीनेही माझा मान राखून कोणाला सांगितले नाही. नोंद केली असती तर कदाचित त्या दोन कुप्या एका कप्प्यात ठेवणे तेव्हाच थांबले असते. आज चारचौघांत हे मी प्रथमच बोलत आहे.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की, सतत सतरा तास जागा राहिलेल्या माणसाचे हात आणि नजर यांचे काम रक्तात शेकडा ०.०५ मद्यांश असलेल्या माणसाइतके मंदावते. कित्येक देशांत तेवढ्या मद्यांशावर गाडी चालवू देत नाहीत. मी इंजेक्शन देत होते.

त्या वर्षांनी माझे आणखी एक नुकसान केले, ते त्या मानाने लहान आहे, पण आजच्या विषयाचे आहे. लग्नाआधीपासून मला गीते रचण्याचा नाद होता. मेंदीची, बारशाची, मलिद्याच्या प्रसंगी म्हणावयाची एलियाहू हन्नाबीची. थोर काव्य नव्हे, पण घरांत म्हटली जात. त्यांची एक वही आहे, आणि प्रत्येक गीताखाली तारीख आहे. रात्रपाळीच्या काळात त्या तारखा एकदम अकरा वर्षांची उडी घेतात. मी तेव्हा समजत होते की संसारामुळे वेळ नाही. वेळ होता, रात्री तीनला वॉर्ड शांत असे, कागद-पेन समोर असे. सुचत नव्हते. दिवसपाळी मिळाल्यावर काही महिन्यांनी एका सकाळी भांडी घासताना दोन ओळी आपोआप आल्या, तेव्हा मला प्रथम आपण आजारी होतो हे कळले.

आता सवयींविषयी, ज्यांसाठी तुम्ही मला बोलाविले आहे.

सर्वांत मोठी सवय आपल्याला आयती मिळालेली आहे. कोकणात आपल्या पूर्वजांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांना हिब्रू पुस्तके वाचता येत नव्हती, बरेचसे सण विस्मरणात गेले होते, पण शनिवारी घाणा बंद राहिला. तेलाच्या घाण्याचा बैल दिवसभर एकाच वर्तुळात फिरतो. पडद्यापुढे बसलेल्या माणसाचे मनही तसेच फिरते, आणि त्याला वाटते आपण फार चाललो. आठवड्यातून एक दिवस त्या बैलाचे जू काढणे हे विश्रांतीचे काम आहेच, पण विचार करणाऱ्याच्याही ते उपयोगाचे आहे. पंचवीस तास फोन नाही, पडदा नाही. मन कंटाळते, भटकते, आणि भटकता भटकता काहीतरी घेऊन येते. या देशात पूर्वी हे कठीण होते, कारण शनिवार कामाचा असे. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी दुपारनंतर कार्यालये सुटू लागली. शब्बाथच्या दिव्यांची वेळ येथे डिसेंबरात सव्वापाचच्या आसपास आणि जूनअखेर सातच्या थोडी आधी असते. म्हणजे आता 'वेळ मिळत नाही' ही सबब राहिली नाही. ज्या घरांत शब्बाथ पूर्ण पाळला जात नाही त्यांना मी उपदेश करणार नाही. परंतु शुक्रवारच्या रात्रीपुरता तरी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाहा, असे परिचारिका म्हणून सांगते.

चालण्याविषयी फार सांगत नाही, कारण ते सर्वांना माहीत आहे आणि कोणी करीत नाही. स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी २०१४ साली दाखविले की, बसून विचार करण्यापेक्षा चालताना नव्या कल्पना सरासरीने शेकडा ६० अधिक सुचतात. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्रावर चालले तरी सुचतात, म्हणजे समुद्रकिनारा नसला तरी अडत नाही. उन्हाळ्यात मॉलमध्ये सकाळी चाला. एकच बरोबर उत्तर शोधावयाचे असेल तर मात्र चालण्याचा तसा लाभ दिसला नाही. हिशेब बसून करावेत.

चहाचे मात्र सांगते, कारण येथे तो एक रोगच झाला आहे. रात्री दहाला गाडी थांबवून करक चहा! कॅफीन शरीरात गेल्यावर त्यातील अर्धे उरावयास सुमारे पाच तास लागतात. दिवसभर मेंदूत अॅडिनोसिन साठत जाते, तेच आपल्याला पेंग आणते. कॅफीन त्याच्या जागेवर बसून राहते. माणसाला वाटते झोप गेली, ती दाराबाहेर उभी असते. डोळा लागला तरी झोप उथळ होते. दुपारी दोननंतर चहा-कॉफी नको, असा माझा नियम आहे आणि घरातल्या सर्वांना त्याचा कंटाळा आलेला आहे.

सकाळी उजेडात यावे. येथील आयुष्य घरातून गाडीत आणि गाडीतून कार्यालयात असे जाते. सूर्याच्या देशात राहून आपण उजेडाविना राहतो. सकाळचा पंधरा-वीस मिनिटांचा उजेड शरीरातील घड्याळ लावतो, तरच रात्री योग्य वेळी झोप येते. खोली थंड असावी, पण गोठलेली नको. शरीराचे तापमान थोडे उतरले की झोप लागते, हाच त्यातला मुद्दा. निजण्यापूर्वी शेमा म्हणण्याची आपली रीत आहे. धर्माचे कारण हझान सांगतील. माझे कारण असे की, रोज त्याच वेळी तेच शब्द मंद आवाजात म्हणणाऱ्या माणसाचा श्वास संथ होतो आणि दिवस संपला हे मेंदूला कळते. मुलांना तर याचा गुण फारच लवकर येतो. आणि उशाशी वही ठेवावी. लोवींची फजिती लक्षात घेऊन अक्षर नीट काढावे.

दोन गोष्टी वैद्यकीय. जो मोठ्याने घोरतो, घोरता घोरता ज्याचा श्वास थांबतो आणि दचकून पुन्हा सुरू होतो, सकाळी डोके दुखते, दिवसा गाडी चालवताना पेंग येते, त्याला सवयींनी काही होणार नाही. त्याने डॉक्टर गाठावा. आणि भारतातून झोपेच्या गोळ्या पिशवीत टाकून आणू नका. त्यांतील काही येथे नियंत्रित औषधांत मोडतात, त्यांना पूर्वपरवानगी लागते. शिवाय गोळीने आणलेली गुंगी आणि झोप या एक वस्तू नव्हेत.

काही जण म्हणतील, अहश्वेरोश राजाला त्या रात्री झोप आली असती तर मर्दखयाची नोंद त्याला कोणी वाचून दाखविली असती? आपण वाचलो ते एका निद्रानाशामुळे. मान्य आहे. एका रात्रीने कोणाचे बिघडत नाही. शाबुओथला अवश्य जागा. त्या दिवशी दुपारी तासभर निजून घ्या, सकाळची तफिल्ला झाल्यावर दिवसभर झोप काढा, आणि पुढच्या रात्री नेहमीच्या वेळेला अंथरुणावर पडा.

त्या मुलीचे काय झाले, ते विचाराल. ती आता अकराला निजते, निदान मला तसे सांगते. सुचू लागले का, हे मी विचारलेले नाही. विचारले की सुचणे थांबते.

शेवटी एक निवेदन. १८८० च्या सुमारास आपल्या लोकांनी मुंबईत मराठी कीर्तनाची परंपरा सुरू केली, हे आपण जाणताच. आम्ही काही बायकांनी रूथच्या पुस्तकावर एक कीर्तन बसवावयास घेतले आहे. पूर्वरंग तयार आहे. उत्तररंग बवाज धान्याच्या राशीपाशी निजतो आणि मध्यरात्री दचकून जागा होतो तेथे येऊन अडला आहे. तीन आठवडे झाले, मला पुढचे पद सापडत नाही. सराव आतापर्यंत गुरुवारी रात्री साडेनऊला होत असे आणि घरी जावयास बारा वाजत. शाबुओथनंतर तो सायंकाळी सहाला होईल. ज्यांच्याकडे पेटी आहे त्यांनी आणावी. आमच्या पेटीचा एक स्वर बसला आहे.